डाळिंबाच्या सालीची एमटीटी: प्लेट लावण्याआधी

एमटीटी हा पिवळा रंग जिवंत पेशी जांभळा करतात, त्यावरून सालीच्या अर्कात किती कॅन्सरपेशी जगल्या ते मोजायचं. पण पेशी बाहेर काढायची घाई नको, आधी साल मिळव. ज्यूसवाल्याकडे पोतंभर फुकट मिळेल, पण ती नको. भगव्या वाणावर तेल्या रोग येऊ नये म्हणून बागेत बोर्डो फवारतात, म्हणजे मोरचूद आणि चुना, आणि तो बसतो सालीवरच. तांबं पेशी मारतं. तू प्युनिकॅलॅजिनचं (सालीतल्या टॅनिनचं) कौतुक करत बसशील आणि काम मोरचुदाने केलेलं असेल. म्हणून ओळखीच्या बागायतदाराची फवारणीची वही बघून फळं घे. बाग, वाण, तोडणीची तारीख लिहून ठेव. थोडी पावडर तांब्याच्या तपासणीलाही पाठव. साल नीट धुऊन सावलीत वाळव. कटकन मोडली तर झाली. वाकली तर अजून दोन दिवस.

अर्क ७० टक्के इथेनॉलमध्ये काढ, इथेनॉल रोटरी इव्हॅपोरेटरवर उडव, उरलेलं गोठवून वाळवायला फ्रीज ड्रायरला लाव. पावडर हवेतली ओल पटकन धरते आणि चिकट गोळा होतो, त्यामुळे छोट्या बाटल्यांमध्ये (व्हायल) वाटून उणे २० ला ठेव. स्टॉक, म्हणजे दाट मूळ द्रावण, डीएमएसओ या द्रावकात कर, मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम. हजारपट पातळ केला की मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम होतात आणि डीएमएसओ ०.१ टक्क्यावर राहतो. तेवढाच डीएमएसओ कंट्रोललाही (अर्क नसलेल्या पेशींनाही) घाल. फ्रीजमधला स्टॉक गोठलेला दिसला तर घाबरू नकोस, डीएमएसओ १८.५ अंशांनाच गोठतो.

एमसीएफ-७ या स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी पुण्याच्या एनसीसीएसकडून (राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राकडून) मागव, पत्र आजच टाक. १९७० साली अमेरिकेत एका जोगिणीच्या छातीत साठलेल्या पाण्यातून या पेशी निघाल्या. एमसीएफ म्हणजे मिशिगन कॅन्सर फाउंडेशन. त्यांना इस्ट्रोजेन हे संप्रेरक पकडणारे रिसेप्टर आहेत आणि मीडियातला (पेशी वाढवायच्या द्रवातला) फिनॉल रेड हा रंग किंचित इस्ट्रोजेनसारखा वागतो, त्यामुळे रंग नसलेला मीडिया घे. शेजारी एमडीए-एमबी-२३१ ही स्तनाच्या कॅन्सरचीच दुसरी जात लाव, तिला हे रिसेप्टर नाहीत. निरोगी स्तनपेशींसाठी एमसीएफ-१०ए लागेल. तिचे लाड वेगळे: घोड्याचं सीरम, इन्सुलिन, आणखी बरंच काही. पण ती नसेल तर अर्क सगळ्याच पेशी मारतो की फक्त कॅन्सरच्या, हे कळणारच नाही. पेशी आल्या आल्या मायकोप्लाझ्मा (त्यांत लपून वाढणारा जिवाणू) आहे का तपास. डॉक्सोरुबिसिन, म्हणजे पेशी नक्की मारणारं कॅन्सरचं औषध, पॉझिटिव्ह कंट्रोलला.

आता सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट. माझ्या पहिल्या प्लेटमध्ये डोस वाढवला तशी जांभळी छटा गडद होत गेली, जिवंत पेशी १२० टक्के! अर्क पेशी वाढवतोय की काय, असं वाटलं. प्रत्यक्षात सालीतले टॅनिन पेशींशिवायच एमटीटीचा पिवळा रंग जांभळा करत होते. म्हणून प्रत्येक डोसला पेशी नसलेले तीन वेल (प्लेटमधले खळगे) ठेव आणि एमटीटी घालण्याआधी अर्क काढून पीबीएसने (क्षारांच्या बफरने) एकदा धू. टॅनिनसारखे हेच पॉलिफिनॉल मीडियात हायड्रोजन पेरॉक्साइडही तयार करतात. एका रांगेत कॅटलेज, म्हणजे पेरॉक्साइड मोडणारं एन्झाइम, घाल. त्या रांगेत पेशी वाचल्या, तर मारणारं पेरॉक्साइड होतं.

बाकी नेहमीचंच: वेलमागे पाच ते दहा हजार पेशी, एक रात्र चिकटू दे, कडेच्या वेलमध्ये फक्त पीबीएस, रंग मोजणारा प्लेट रीडर ५७० नॅनोमीटरला. प्लेटचं नाव झाकणावर लिहू नकोस, खालच्या भागाच्या बाजूला लिही. हूडमध्ये (पेशी हाताळायच्या निर्जंतुक कपाटात) झाकणं अदलाबदल होतात.