उंचीवरच्या कामाची सेफ्टी: सेन्सरच्या आधी बेरीज शिका

एडीआयएस (औद्योगिक सुरक्षेचा ॲडव्हान्स्ड डिप्लोमा) पूर्ण करून साईटवर येणाऱ्यांना पहिल्याच आठवड्यात हुकचे सेन्सर, स्मार्ट हेल्मेट आणि डॅशबोर्ड दाखवले जातात. ते जरूर शिका. पण आधी एक बेरीज पक्की करा.

शॉक ॲब्सॉर्बर (झटका झेलताना उलगडणारी घडी) असलेली 2 मीटरची लॅनयार्ड, म्हणजे माणसाला अँकरशी बांधणारी दोरी, पायाच्या पातळीवर अडकवली आहे असं धरा. पडताना लॅनयार्डचे 2 मीटर, ॲब्सॉर्बर उलगडून 1.75 मीटरपर्यंत, हार्नेसच्या (अंगावरच्या सुरक्षा पट्ट्यांच्या) पाठीवरच्या कडीपासून, म्हणजे डी-रिंगपासून, पावलांपर्यंत दीड मीटर आणि राखीव 1 मीटर, असे हुकाखाली एकूण 6.25 मीटर मोकळे लागतात. मजला 3 मीटरचा असेल तर दोन मजल्यांची उंचीही पुरत नाही. हार्नेस घातलेला, हुक लावलेला माणूस खालच्या स्लॅबवर आपटतो तो यामुळेच. हुक डोक्याच्या वर घेतला की गरज बरीच कमी होते. त्याहून चांगलं म्हणजे लॅनयार्ड इतकी आखूड ठेवायची की माणूस कडेपर्यंत पोचूच नये. रिट्रॅक्टेबल ब्लॉक (दोर आपोआप गुंडाळून घेणारी पेटी) लवकर लॉक होतो, पण तो डोक्यावर टांगायचा. स्लॅबवर आडवा वापरायचा असेल तर धारदार कडेवर तपासून प्रमाणित केलेलाच मागवा, नाहीतर काँक्रीटच्या कडेवर दोर कापला जाऊ शकतो.

आता हुकचा सेन्सर. हुक कशाला तरी अडकलाय एवढंच त्याला कळतं. ते ‘कशाला तरी’ सैल कपलॉकचा (परांचीच्या एका प्रकाराचा) आडवा पाइप आहे की कामगाराच्याच हार्नेसची कडी, हे त्याला कळत नाही. अँकर डोळ्यांनीच तपासावा लागतो. शिवाय हुक लावायची गरज नसलेल्या सुरक्षित जागीही सेन्सर वाजत राहिला, तर दोन दिवसांत त्यावर चिकटपट्टी येते. म्हणून तो फक्त धोक्याच्या पट्ट्यात चालू होईल असं सेटिंग करून घ्या.

तो पट्टा ओळखायचा कसा, इथेच बहुतेक सिस्टिम फसतात. ब्लूटूथ बीकनची (जागा कळवणाऱ्या छोट्या ट्रान्समीटरची) चूक काही मीटरची असते, त्यामुळे कडेपासून 2 मीटरचा इशारा त्यावर सोपवू नका. यूडब्ल्यूबी (अल्ट्रा-वाइडबँड रेडिओने जागा शोधणं) बरंच अचूक असतं, पण मधे शटरिंग किंवा सळया आल्या की तेही चुकतं. उंची हवेच्या दाबावरून मोजली जाते आणि दाब मीटरमागे साधारण 12 पास्कलने उतरतो. आपल्याकडे स्वच्छ दिवशीही सकाळी 10 ते दुपारी 4 या वेळात तो दोनशे-तीनशे पास्कल घसरतो. संदर्भासाठी जमिनीवर दुसरा बॅरोमीटर नसेल, तर तळमजल्यावर उभा असलेला माणूस दुपारी पाच ते आठ मजले वर दिसतो!

पैसे मर्यादित असतील तर आमच्या मते ते आधी मॉडेलवर खर्च करा. वेळापत्रकाला जोडलेल्या बीआयएम मॉडेलमधून (इमारतीच्या त्रिमितीय डिजिटल मॉडेलमधून) प्रत्येक स्लॅबची यादी काढा: कोणतं डक्ट (पाइपांसाठी स्लॅबमध्ये ठेवलेली पोकळी), कोणती लिफ्टची पोकळी, कोणती कड, कोणत्या तारखेला उघडी पडणार. ही यादी काँक्रीट ओतण्याच्या आठवडाभर आधी मुकादमाच्या हातात हवी. छोट्या डक्टमध्ये स्लॅबच्या सळया आरपार ठेवून घ्या आणि प्लंबर कामाला येईल तेव्हाच कापा. कडेला रेलिंगचे सॉकेट शटरिंगमध्येच बसवा.

लटकलेल्या माणसाला खाली कोण आणि कशाने उतरवणार, हे त्याच यादीत नावासह लिहा. हार्नेसच्या पट्ट्यांमुळे पायातलं रक्त अडतं, त्यामुळे सुटका काही मिनिटांत व्हावी लागते.