लाल फिल्टर लावूनही फोटो बिघडतात? पाण्याखाली या चुका टाळा

मालवणला पहिल्यांदा कॅमेरा घेऊन पाण्यात उतरलो, तेव्हा मोठ्या हौसेने लाल फिल्टर लावला होता. वर येऊन बघतो तर सगळे फोटो मातकट पिवळे, पाण्यात कुणी हळद कालवल्यासारखे. दोष फिल्टरचा नव्हता. तो निळ्या पाण्यासाठी बनवलेला होता आणि आपल्या किनाऱ्याजवळचं पाणी प्लवक नि गाळामुळे हिरवट असतं. अशा पाण्यात हिरवा अडवणारा मॅजेंटा (गुलाबी-जांभळा) फिल्टर लागतो. लाल फिल्टर अंदमानच्या निळ्याशार पाण्यासाठी ठेवा. दुकानात ‘अंडरवॉटर फिल्टर’ एवढंच सांगितलंत तर बहुधा लालच हातात पडेल.

पाणी सगळ्यात आधी लाल रंग गिळतं. पाच मीटरवरच तो बराच फिका होतो, दहाच्या पुढे नावापुरता उरतो. म्हणून तर खोलवर बोट कापलं की रक्त हिरवट-काळं दिसतं. बऱ्याच जणांना वाटतं, फिल्टर हा गेलेला लाल परत आणतो. तसं काही नाही. तो निळा-हिरवा प्रकाश अडवतो, त्यामुळे उरलासुरला लाल त्यांच्या बरोबरीला येतो. लाल उरलाच नसेल तर फिल्टर नुसता अंधार करतो. साधारण पाच ते वीस मीटर हा त्याचा पट्टा. दोन-तीन मीटरवर स्नॉर्केल करताना तोच फिल्टर लावलात तर माणसं भाजून निघाल्यासारखी दिसतात.

अडवण्याची किंमत म्हणजे एक ते दोन स्टॉप प्रकाश (एक स्टॉप गेला की प्रकाश निम्मा). ढगाळ दिवशी, गढूळ पाण्यात कॅमेरा मग आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) चढवतो, शटर मंदावतो आणि मासा शेपटीकडून पुसल्यासारखा येतो. अशा दिवशी फिल्टर सरळ काढून ठेवावा. सूर्य पाठीशी असेल असंच वळा, निम्मं काम तिथेच होतं.

फिल्टर लावून टॉर्च किंवा स्ट्रोब (पाण्याखालचा फ्लॅश) पेटवणं ही हमखास होणारी चूक. टॉर्चच्या प्रकाशात लाल मुळातच भरपूर असतो, त्यावर लाल काच आली की जवळचं प्रवाळ जास्वंदीसारखं भडक आणि मागचं पाणी काळपट. दोन्हींपैकी एकच निवडा. रात्रीच्या डाइव्हला तर फिल्टर नकोच.

आता व्हाईट बॅलन्स, म्हणजे पांढरं कशाला म्हणायचं हे कॅमेऱ्याला सांगणं. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. लोक पाच मीटरवर एकदा कॅमेऱ्याला पांढरी किंवा करडी पाटी दाखवून सेट करतात आणि त्याच सेटिंगवर पंधरा मीटरपर्यंत जातात. दर तीन-चार मीटरला तो पुन्हा घ्यावा लागतो. दुसरं म्हणजे प्रकाशाचा प्रवास नुसता वरून खाली नसतो. सहा मीटर खोलीवरचा मासा तुमच्यापासून दोन मीटर दूर असेल, तर प्रकाश आठ मीटर पाणी कापून आलेला असतो. पाटी हातभर अंतरावर धरून सेट केलंत तर तो मासा निळाच राहणार. त्यामुळे पाटी सोबत्याला धरायला सांगा, साधारण माशाच्याच अंतरावर. पांढरीपेक्षा करडी बरी, पांढरी उन्हात फटक होते आणि कॅमेरा सेटिंगच नाकारतो. काही जण तळहातावर भागवतात. चालतं, पण हात काही करडा नसतो, फोटो थोडा थंड येतो.

‘रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढतो, घरी बघू’ हे अर्धंच खरं. व्हाईट बॅलन्स नंतर बदलता येतो, पण सेन्सरवर लाल पडलाच नसेल तर स्लायडर ओढून फक्त दाणेदार ठिपके वर येतात. व्हिडिओत तर ऑटो ठेवूच नका. कॅमेरा सोबत्याच्या पायातल्या पिवळ्या फिन्सवरून मोकळ्या पाण्याकडे फिरला की एकाच क्लिपमध्ये समुद्र दोनदा रंग बदलतो.

बाहेरून बसवायच्या फिल्टरची आणखी एक खोड आहे. तो होडीवरच लावलात तर काचेच्या आणि त्याच्या मध्ये हवा अडकते, आणि प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात धुरकट वर्तुळ येतं. छोट्या पडद्यावर ते दिसतही नाही. खाली गेल्यावर फिल्टर एकदा काढा, बोटाने काच पुसा, पाण्यातच परत बसवा.

आणि वर आलात की व्हाईट बॅलन्सचं सेटिंग मूळपदावर आणा. मी एकदा विसरलो. त्या दिवसाच्या जेवणाच्या फोटोंत सुरमई, भात नि सोलकढी सगळं एकाच रंगाचं आहे.