एका कपाची कॉफी, पण नीट

आमच्या घरात कॉफी पिणारी मी एकटी. सासूबाई, हे, मुलगा, सगळे चहावाले. माझं माहेर कर्नाटकातल्या इंडीचं, त्यामुळे कॉफी लहानपणापासूनची. लग्नात आईनं दिलेला पितळी फिल्टर अजून वापरात आहे, पण एकटीसाठी त्यात डिकाशन (कॉफीचा दाट अर्क) लावायचं म्हणजे रात्रीच तयारी करावी लागते, आणि उरलेलं दुपारपर्यंत कडू होतं. जुळे सोलापुरात मी गणिताच्या शिकवण्या घेते, पहिली बॅच सकाळी सहाला. म्हणून तीन वर्षांपूर्वी एका कपाचं कॉफीचं यंत्र घेतलं. शेजारच्या वहिनींनीही घेतलं आणि पंधरा दिवसांत ओट्याखाली ठेवून दिलं. “पाणचट येते हो,” म्हणाल्या. मी त्यांच्या घरी जाऊन त्याच यंत्रातून कॉफी केली, आणि त्यांनी कप रिकामा करून खाली ठेवला. त्या दिवशी काय काय केलं, ते सगळं इथे लिहिते.

आधी विजेचं, कारण इथे माझं नुकसान झालंय. माझं पहिलं यंत्र भाच्यानं अमेरिकेहून आणलं होतं. तिथली वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. पिना बदलणारा अडॅप्टर लावून मी बटण दाबलं आणि दोन मिनिटांत जळका वास आला. अडॅप्टर फक्त पिना बदलतो, व्होल्टेज नाही. हीटरची पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे साडेतीन पटीहून जास्त. मुलांना हे शिकवणारी मी, आणि आनंदाच्या भरात लेबल वाचायचं राहिलं. परदेशातून कुणी यंत्र आणणार असेल तर तळाचं लेबल वाचून सांगायला लावा. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण १५०० वॉटचा ट्रान्सफॉर्मर अवजड असतो आणि महागही पडतो. इथेच २३० व्होल्टचं यंत्र घेणं सोपं. तेही १४०० वॉटचं असेल तर सहा अँपिअरहून थोडी जास्त वीज ओढतं, म्हणून छोट्या सॉकेटमध्ये किंवा एक्स्टेंशन बोर्डावर लावू नका. १६ अँपिअरचा मोठा पॉइंट वापरा.

आता यंत्र आत काय करतं ते. बंद कॅप्सूलच्या, म्हणजे आधीच कॉफी भरलेल्या छोट्या डबीच्या, यंत्रांत दोन घराणी आहेत. नेस्प्रेसो १९८६ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये सुरू झालं. त्याच्या मूळ प्रकारच्या ॲल्युमिनियमच्या कॅप्सूलमध्ये पाचेक ग्रॅम कॉफी असते आणि पंप गरम पाणी मोठ्या दाबानं त्यातून रेटतो. त्यातून ४० मिलि दाट एस्प्रेसो निघते, मोठा मग नाही. केउरिग हे अमेरिकेतलं. १९९८ मध्ये त्यांचं यंत्र कार्यालयांत आलं. त्याच्या प्लॅस्टिकच्या कपात कागदी गाळणी असते, वरून एक आणि खालून एक सुई टोचते, आणि गरम पाणी कमी दाबानं आतून झिरपून जातं. तिसरा प्रकार माझा: जाळीची छोटी टोपली, तिच्यात आपली पावडर भरायची, काम झालं, धुतलं की पुन्हा तीच. मी हाच प्रकार सुचवते. पावडर आपल्या पसंतीची असते आणि रोज एक कॅप्सूल कचऱ्यात जात नाही.

पाणचटपणाचं कारण बटणात आहे. माझ्या यंत्राला तीन बटणं आहेत: १८०, २४० आणि ३०० मिलि. टोपलीत मात्र १२ ग्रॅमपेक्षा जास्त पावडर मावत नाही. चांगल्या गाळून केलेल्या कॉफीला साधारण एका ग्रॅमला १५ ते १७ मिलि पाणी लागतं. १२ गुणिले १५ म्हणजे १८०. सगळ्यात छोटं बटण तिथंच संपतं. वहिनी रोज ३०० चं दाबत होत्या, म्हणजे ग्रॅमला २५ मिलि. मोठा मग भरून हवा म्हणून मोठं बटण, असं सगळ्यांनाच वाटतं. पण पावडर तेवढीच राहते आणि शेवटचं शंभर मिलि पाणी तिच्यातला कडवटपणा तेवढा घेऊन खाली येतं. मोठा मगच हवा असेल तर छोट्या बटणाची कॉफी काढा आणि वरून वेगळं गरम पाणी घाला. कॅप्सूलवाल्यांनाही हेच लागू. आणि एकदा वापरलेल्या कॅप्सूलमधून दुसऱ्यांदा पाणी सोडू नका, त्यात काही उरलेलं नसतं.

पावडर मोजा. ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या, स्वयंपाकघरात त्याचे इतर पन्नास उपयोग होतात. तोवर सपाट मोठा चमचा म्हणजे अंदाजे पाच ग्रॅम धरा. दळण बारीक रव्यासारखं हवं. मैद्यासारखं नको, लापशीच्या रव्यासारखंही नको. आपल्याकडे दुकानात फिल्टर कॉफीची म्हणून जी पावडर देतात ती पितळी फिल्टरसाठी फार बारीक दळलेली असते, शिवाय तिच्यात बहुतेकदा चिकोरी, म्हणजे एका झाडाच्या भाजलेल्या मुळाची पूड, असते. मी सुरुवातीला तीच भरली. जाळी तुंबली आणि पाणी टोपलीच्या काठावरून कपात उतरलं, तळाला चिखल. मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी असलीच पाहिजे असा नियम आहे, आणि पाकिटावर प्रमाण छापलेलं असतं. ते वाचा. पितळी फिल्टरमध्ये ८०:२० (८० भाग कॉफी, २० भाग चिकोरी) मला आवडतं, यंत्रात मात्र निव्वळ कॉफी. माझी चुलतबहीण बंगळुरूहून उद्यान एक्स्प्रेसनं येते तेव्हा चिकमंगळूरच्या बियांचं पाकीट घेऊन येते, त्यावर भाजल्याची तारीख पाहून. ‘ड्रिपसाठी मध्यम दळा’ असं सांगितलं की दळून देणाऱ्याला कळतं. स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, गॅसपासून लांब ठेवते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२ च्या वर जातो, तेव्हा एकदम किलोभर दळून आणलीत तर वास महिन्याभरात उडतो. पंधरा दिवसांची आणा.

टोपलीत पावडर सैल भरा, हलकेच हलवून सपाट करा. दाबायची नाही. आणि पावडर भरण्याआधी एकदा रिकाम्या टोपलीतून नुसतं पाणी सोडा, छोट्या बटणाचं, आपल्याच कपात. पाणी पावडरीला ९० ते ९६ अंशांचं लागायला हवं, पण थंड यंत्रातून आलेलं पहिलं पाणी वाटेतच गार होतं. या एका फेरीनं यंत्रही तापतं आणि कपही. जानेवारीत हे चुकवू नका. मध्येच थांबवता येणारं यंत्र असेल तर पहिले ३० मिलि आल्यावर अर्धा मिनिट थांबवा. ताज्या भाजलेल्या कॉफीतून वायू सुटतो, पावडर फुगते, मग उरलेलं पाणी सगळीकडे सारखं मुरतं. कप भरला की चमच्यानं ढवळा, कारण आधी आलेली धार दाट असते आणि शेवटची पातळ. दूध वेगळं तापवून कपात घाला, टाकीत कधीही नाही. माझं प्रमाण १२ ग्रॅम, १५० मिलिला थांबवायचं आणि ५० मिलि उकळतं दूध.

सोलापुरात पाण्याची गोष्ट वेगळी सांगावी लागते. उजनीचं पाणी काही दिवसांआड येतं, मधल्या दिवसांत बऱ्याच इमारतींत बोअरचं पाणी चालू असतं. गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तोच यंत्राच्या हीटरवर बसतो. मग पाणी पुरेसं तापत नाही, धार बारीक होते, कॉफी आंबट आणि फिकी लागते. आपण पावडरीला दोष देत बसतो. म्हणून बोअरचं पाणी टाकीत घालूच नका. उलट टोकाला, आर.ओ.चं पाणी इतकं निखळ असतं की त्यात कॉफी सपाट लागते. कॉफीचा स्वाद ओढून घ्यायला पाण्यात थोडं कॅल्शियम, मॅग्नेशियम लागतं. कॉफीवाल्यांच्या मानकात टी.डी.एस., म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला १५० मिलिग्रॅमच्या आसपास धरतात. माझ्याकडे पेनासारखा छोटा मीटर आहे. मी अर्धं आर.ओ.चं आणि अर्धं महापालिकेचं गाळलेलं पाणी मिसळते, मीटर पाहून कमीजास्त करते. वहिनींच्या कॉफीत बटणाखालोखाल फरक पडला तो याच मिश्रणानं.

थर काढायला महागडं द्रावण लागत नाही. ढोकळ्यात घालतो ते लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, २० ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवा. अर्धं पाणी टप्प्याटप्प्यानं सोडा, वीस मिनिटं थांबा, उरलेलं सोडा, मग दोन टाक्या साधं पाणी सोडा. मी महिन्यातून एकदा करते. रविवारी, शिकवण्या नसतात तेव्हा. जाळी रोज जुन्या टूथब्रशनं उलट बाजूनं घासायची, नाहीतर तेल साचून खवट वास येतो. टाकीतलं पाणी रात्री ओतून द्यायचं, उन्हाळ्यात तर नक्कीच.

उन्हाळ्यात दुपारी गरम कप नकोसा होतो. तेव्हा ग्लासात १०० ग्रॅम बर्फ घ्या आणि त्याच १२ ग्रॅमवर १२० मिलि कॉफी थेट बर्फावर पाडा. बर्फ वितळून पाण्याचा हिशेब जवळपास जुळतो. गरम कॉफी करून नंतर बर्फ टाकला की ती पातळ होते, म्हणून पाणी आधीच कमी धरायचं.

गड्डा यात्रेच्या दिवसांत मात्र हे यंत्र मी कपाटात ठेवते. संक्रांतीला सिद्धरामेश्वरांच्या यात्रेसाठी माहेरचे सात-आठ जण येतात. एकेक कप काढत बसलं तर आठवा कप येईस्तोवर पहिला गार होतो. त्या चार दिवसांत रात्री पितळी फिल्टरमध्ये ८०:२० ची पावडर चेपून भरते, उकळतं पाणी ओतते, झाकण लावते, आणि सकाळी डिकाशन तयार असतं. मधे सासूबाईही एक कप घेतात, साखर दोन चमचे घालून.