साथीच्या काळात क्लिनिकल रिसर्च: घाई कुठे करायची आणि कुठे नाही

या फील्डमध्ये नवीन येणारी मुलंमुली बऱ्याचदा विचारतात की एथिक्स म्हणजे जीसीपीचं (गुड क्लिनिकल प्रॅक्टिस, म्हणजे माणसांवरचे अभ्यास कसे करायचे याचे नियम) सर्टिफिकेट काढलं की झालं ना? नाही हो. मी कोविडच्या काळात पुण्यात एका हॉस्पिटलमध्ये स्टडी कोऑर्डिनेटर होते, म्हणजे ट्रायलचं रोजचं काम बघायचे, तिथे जे पाहिलं त्यावरून सांगते.

आधी एक गैरसमज काढून टाका, की एथिक्स पाळलं की कामाला उशीर होतो. २०२० मध्ये आयसीएमआरने (देशाची वैद्यकीय संशोधन परिषद) एथिक्स कमिट्यांसाठी, म्हणजे अभ्यासाला परवानगी देणाऱ्या समित्यांसाठी, कोविडच्या खास गाइडलाइन्स काढल्या होत्या, त्यात ऑनलाइन मीटिंग, लवकर रिव्ह्यू, इलेक्ट्रॉनिक पद्धतीने संमती, सगळ्याला वाट करून दिली होती. म्हणजे कागद फिरायचा वेळ कमी करा, मीटिंग रात्री घ्या, काही हरकत नाही. पेशंटला समजावून सांगायचा वेळ मात्र कमी करायचा नाही.

आणि खरी परीक्षा तिथेच असते. वॉर्डच्या गेटबाहेर मुलगा उभा, वडील आत ऑक्सिजनवर, आपण संमतीचा फॉर्म घेऊन समजवायला लागलो की दुसऱ्याच वाक्याला तो म्हणतो, "मॅडम, सांगा कुठे सही करायची, फक्त बाबांना वाचवा." अशा वेळी पेन पुढे करायचं नाही. एक तर वडील शुद्धीवर असतील, बोलू शकत असतील तर संमती त्यांचीच, मुलाची नाही, आपल्याकडे घरचेच सगळं ठरवतात म्हणून हे हमखास विसरलं जातं. दुसरं, "मी आत्ता काय सांगितलं ते तुमच्या शब्दांत सांगा" असं विचारायचं. "नवीन औषध देणार आहात" असं उत्तर आलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं: हा अभ्यास आहे, तुम्ही कुठल्या गटात जाणार ते चिठ्ठी टाकल्यासारखं कॉम्प्युटर ठरवणार, नको म्हणालात किंवा मधेच बाहेर पडलात तरी नेहमीचे उपचार चालूच राहणार. शेवटचं वाक्य दोनदा सांगा, कारण लोकांना मनातून तीच भीती असते. वाचता येत नसेल तर साक्षीदार लागतो, आणि तो स्टडी टीममधला चालत नाही.

आता कुणी म्हणेल माणसं मरत असताना ट्रायल कसली करता, जे हाताशी आहे ते द्या. प्लाझ्माचं, म्हणजे बऱ्या झालेल्या पेशंटच्या रक्तातला द्रव देण्याचं, आठवतंय ना? सगळ्यांच्या स्टेटसला "डोनर पाहिजे". आयसीएमआरने प्लासिड नावाची ट्रायल केली, ३९ हॉस्पिटल, ४६४ पेशंट. आजार गंभीर होणं किंवा मृत्यू, दोन्ही मिळून प्लाझ्मा दिलेल्या गटात १९ टक्के आणि न दिलेल्या गटात १८ टक्के, म्हणजे फरक नाहीच. ऑक्टोबर २०२० मध्ये पेपर आला, तरी दुसऱ्या लाटेत नातेवाईक प्लाझ्मासाठी गावभर पळतच होते, आणि उपचारांच्या यादीतून तो निघाला मे २०२१ मध्ये. मला अजूनही याचं फार वाईट वाटतं. पण ट्रायल झाली नसती तर तेवढंही कळलं नसतं, म्हणून त्या ४६४ जणांचं आपल्यावर मोठं ऋण आहे असं मी मानते.

डेटाबद्दल. मे २०२० मध्ये लॅन्सेटसारख्या जर्नलमध्ये हायड्रॉक्सीक्लोरोक्विन या मलेरियाच्या औषधाने कोविडमध्ये मृत्यू वाढतात असा पेपर आला, ९६ हजार पेशंट, ६७१ हॉस्पिटल, डब्ल्यूएचओने त्यांच्या ट्रायलमधला तो भाग लगेच थांबवला. मग लोक विचारायला लागले की ही हॉस्पिटलं कुठली? डेटा पुरवणाऱ्या सर्जिस्फिअर कंपनीने मूळ डेटा तपासायला दिलाच नाही आणि दोन आठवड्यांत पेपर मागे घ्यावा लागला. आयव्हरमेक्टिन या जंतावरच्या औषधाचा इजिप्तमधला प्रीप्रिंट (तज्ज्ञांनी तपासण्याआधीच ऑनलाइन टाकलेला पेपर) तर लंडनमध्ये मास्टर्स करणाऱ्या एका विद्यार्थ्याने पकडला, असाइनमेंट म्हणून वाचायला दिला होता, त्याला उचललेला मजकूर आणि न जुळणारे आकडे दिसले. त्यामुळे मी लहान आहे, मला काय कळतं, असं म्हणून गप्प बसू नका.

आपल्या पातळीवर ही गोष्ट फार साध्या रूपात समोर येते. आमच्याकडे एका सीनियरने सांगितलं होतं की संमतीवर कालची तारीख टाक, औषध काल सुरू झालंय. मी आजचीच तारीख टाकली आणि प्रोटोकॉल डेव्हिएशन, म्हणजे ठरलेल्या पद्धतीपासून झालेली चूक, म्हणून लिहून एथिक्स कमिटीला कळवलं. चार दिवस ते माझ्याशी नीट बोलले नाहीत, पण कमिटीने शांतपणे नोंद घेतली आणि पुढे काय करायचं ते सांगितलं. डेव्हिएशन कळवणं हा गुन्हा नाही, लपवणं आहे. आकडा चुकला तर एक आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. व्हाइटनर टेबलावर ठेवूच नका.

नोकरीसाठी इंटरव्ह्यूला जाल तेव्हा आधी त्या साइटच्या (म्हणजे ट्रायल चालते त्या हॉस्पिटलच्या) ट्रायल्स सीटीआरआयवर, म्हणजे भारतातल्या ट्रायल्सच्या सरकारी नोंदणी वेबसाइटवर, शोधा, फुकट आहे, कुणालाही बघता येतं. पहिला पेशंट घ्यायच्या आधी ट्रायलची नोंदणी झाली होती का ते तारखांवरून कळतं. आणि इंटरव्ह्यूत सरळ विचारा की इथे संमती कोण घेतं आणि एका पेशंटला साधारण किती वेळ देता. "दोन मिनिटांत होतं" असं उत्तर आलं तर दुसरी साइट बघा.