सिमेंटचे जुने पत्रे उतरवताना धूळ कशी टाळायची

मृगाआधी गोठ्याचे, मांगराचे, पडवीचे पत्रे बदलायची घाई कोकणात दरवर्षी असते. २०२० चे निसर्ग आणि २०२१ चे तौक्ते वादळ गेल्यावर तर फुटलेले सिमेंटचे पत्रे परड्यापरड्यांत पडले होते. अशा जुन्या पत्र्यात बहुधा साधारण १० टक्के ॲसबेस्टॉस (बारीक तंतूंचे खनिज) असतो, बाकी सिमेंट. अख्खा, घट्ट पत्रा डोक्यावर असल्याने सहसा काही बिघडत नाही. तो फुटला, कापला, घासला की डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत उडतात आणि फुप्फुसात खोल जाऊन बसतात. तिथून ते काढणारे औषध नाही. फुप्फुस कडक होणे (ॲसबेस्टॉसिस), फुप्फुसाचा कर्करोग, फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग (मेसोथेलिओमा) हे त्याचे आजार. मेसोथेलिओमा २० ते ४० वर्षांनीही उमटतो, म्हणून आज पत्रे काढणाऱ्या पोराला काहीच झाल्यासारखे वाटत नाही.

आधी ठरवा, पत्रा काढायचा की ठेवायचा. तडा नसेल, कडा भुसभुशीत नसतील तर राहू द्या. शेवाळ मात्र तारेच्या ब्रशने किंवा प्रेशरच्या पाण्याने कधीही घासू नका. मुसळधार पावसाने वरचे सिमेंट झिजून तंतू आधीच उघडे पडलेले असतात; रंग लावण्यापूर्वीची ही घासणी सगळ्यांत जास्त धूळ काढते.

पत्रा ॲसबेस्टॉसचा आहे की नाही, हे नजरेने नक्की सांगता येत नाही. जुना असेल तर आहेच असे धरून चाला.

काढायचाच असेल तर सकाळी लवकर सुरू करा, कारण दुपारी समुद्रावरून वारा सुटतो. मुले, गुरे, वाळत घातलेले कपडे लांब न्या, विहिरीवर झाकण घाला. खाली जाड ताडपत्री अंथरा. तोंडाला बारीक धूळ अडवणारा एफएफपी३ मास्क लावा, तो मिळालाच नाही तर निदान एफएफपी२ किंवा एन९५. रुमाल आणि सर्जिकल मास्क या तंतूंना अडवत नाहीत. दाढी असेल तर मास्क चेहऱ्याला चिकटत नाही.

आंब्यावर फवारणीचा पाठीवरचा पंप इथे फार उपयोगी पडतो. तीन वेळा धुऊन औषधाचा अंश काढा, १६ लिटर पाण्यात दोन-तीन चमचे भांडी घासायचे लिक्विड घाला आणि बारीक फवाऱ्याने पत्रे दोन्ही बाजूंनी भिजवा. जोराची धार नको, तिने तंतू सुटतात. शक्य असेल तिथे शिडीवरून किंवा खालून भिजवा. ओला, शेवाळलेला पत्रा निसरडा असतो आणि जुना पत्रा माणसाचे वजन पेलत नाही. पत्रा मोडून खाली पडून माणसे दगावतात, हा धोका ॲसबेस्टॉसपेक्षा किती तरी जवळचा आहे. पत्र्यावर कधीच पाय देऊ नका. आडव्या वाशांवर टेकलेल्या रुंद फळीवरच उभे राहा आणि कमरेला दोर बांधा.

खाऱ्या हवेने हुकाचे बोल्ट गंजून घट्ट बसलेले असतात. हातोडा मारला तर पत्रा फुटतो, ग्राइंडर लावला तर धुळीचा लोट उठतो. आदल्या दिवशी तेल सोडा, पान्याने फिरवा. नाहीच निघाला तर बोल्ट कटरने तोडा. भोकाभोवती पुन्हा फवारा मारा. ३ मीटरचा पत्रा ४० किलोच्या आसपास भरतो, म्हणून दोघांनी धरून अख्खाच खाली द्या. वरून टाकू नका.

खाली पडलेले तुकडे ओले करून हाताने गोळा करा, उरलेली धूळ ओल्या फडक्याने पुसा. झाडू, खराटा, घरचा व्हॅक्यूम चालवू नका. पन्हाळीतली माती ओलीच काढा, तिच्यातही तंतू साचलेले असतात. सगळे २०० मायक्रॉनच्या (०.२ मिलिमीटर जाड) प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून टेप लावा आणि वर ‘ॲसबेस्टॉस’ असे ठळक लिहा.

कामाचे कपडे बाहेरच ओले करून काढा, झटकू नका, घरच्या कपड्यांत धुऊ नका. ॲसबेस्टॉसच्या कारखान्यात न गेलेल्या, फक्त नवऱ्याचे कपडे धुणाऱ्या बायकांनाही मेसोथेलिओमा झालेला आहे. जुनेच कपडे घाला आणि शेवटी मास्क, फडकी यांसह पिशवीत बांधून टाका. मास्क सर्वांत शेवटी काढा, मग डोक्यावरून अंघोळ करा.

तुकडे पाखाडीत, वाटेच्या भरावात, भाजीच्या वाफ्याला किंवा माडाच्या आळ्याला लावायची सवय सोडायला हवी. पाय पडून ते वर्षानुवर्षे झिजत राहतात. चुलीत किंवा शेकोटीत तर मुळीच नको, तापल्यावर पत्रा फुटून उडतो. पुरू नका, पुढच्याच्या कुदळीला ते लागतील. ग्रामपंचायत आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात विचारा. घातक कचऱ्याचे केंद्र तळोज्याला आहे. सोय होईपर्यंत गुंडाळलेले गठ्ठे सावलीत, कोणाचा पाय लागणार नाही असे ठेवा.

एका दिवसाच्या कामानंतर लगेच एक्स-रे काढून काही दिसत नाही. वर्षानुवर्षे पत्रे कापणारे, बसवणारे मिस्त्री मात्र दम लागत असेल किंवा कोरडा खोकला जात नसेल तर डॉक्टरांना कामाचा इतिहास स्वतःहून सांगा, नाहीतर क्षयाचीच औषधे सुरू होण्याची शक्यता असते. एक्स-रे, श्वासाची तपासणी आणि गरजेप्रमाणे सीटी स्कॅन त्यावरून ठरतो. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला ॲसबेस्टॉसमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कैक पटींनी वाढतो, तेव्हा ती आजच बंद करा.