शेवंतीला कळी येत नाही? खताआधी दिवा बघा

गणपती बोळवले की शेवंतीवाल्यांचे फोन सुरू होतात. "झाड गुडघाभर झालंय, पानाला काळोखी आहे, पण कळीचा पत्ता नाही. काय मारू?" मी विचारतो, "रानाजवळ दिवा आहे का?" समोरचा जरा वैतागतोच. त्याला औषधाचं नाव हवं असतं.

शेवंती रात्र मोजते. सलग लांब रात्री मिळाल्या की शेंडा पान काढायचं थांबतो आणि कळी धरतो. पुणे-सातारा पट्ट्यात २१ जूनला दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो, सप्टेंबरच्या अखेरीस तो बारा तासांवर येतो. म्हणजे आता रात्र पुरेशी आहे. तरी कळी नसेल तर ती रात्र मधेच मोडतेय का, हे आधी बघायचं. पॉलिहाउसवाले मुद्दाम हेच करतात: झाडाला उंची हवी असते तोवर रात्री दहा ते दोन दिवे लावतात, मग बंद करून फूल आणतात. आपल्याकडे तेच काम बोअरवरचा बल्ब न सांगता करून टाकतो.

हे मी स्वतःच्या रानात शिकलो. केबलचोरीच्या धास्तीनं मोटारीच्या खोलीवर मोठा एलईडी लावला होता. दिवाळीत सगळं रान पिवळं झालं आणि खोलीसमोरच्या चार सऱ्या हिरव्यागार, रेघ मारल्यासारख्या. रोपं एकाच वाफ्यातली, पाणी एकाच ड्रिपचं. त्या सऱ्यांना मी दोनदा टॉनिक मारलं होतं, ते पैसे मातीत गेले.

तपासायचं असं. शेंडा चिमटीत धरून पानं हळूच उलगडा. आत मोहरीएवढी गोल गाठ लागली तर कळी आली आहे, थांबा. टोकदार कोवळी पानंच निघाली तर अंधाऱ्या पंधरवड्यात रात्री नऊला सरीत जाऊन उभे राहा. दिव्याच्या उजेडात पानावर हाताची ठसठशीत सावली पडली तर दुखणं सापडलं. चांदण्याचा दोष नसतो, त्याचा उजेड फार मंद.

दिवा काढायलाच हवा असं नाही. पत्र्याचा डबा उभा कापून रानाकडच्या बाजूनं आडोसा केला तरी भागतं. गच्चीतल्या कुंड्या जिन्याच्या ट्यूबपासून हलवा. जागाच नसेल तर संध्याकाळी सहा ते सकाळी सातपर्यंत दाट काळं कापड टाका. ते रोज टाकायला हवं, दोन दिवस टाकून चार दिवस विसरलात तर उपयोग नाही. प्लॅस्टिक नको, आत वाफ धरते.

दिवा नसेल तर खुडणीची, म्हणजे फुटवे यावेत म्हणून शेंडा खुडल्याची तारीख आठवा. दुसरी खुडणी लांबली की फूलही मागे जातं, तेव्हा आता शेंड्याला हात लावू नका. पानाला काळोखी जास्त असेल तर युरिया बंद. ०:५२:३४ हे स्फुरद-पालाशचं विरघळणारं खत लिटरला पाच ग्रॅम फवारायला हरकत नाही, पण रात्रीच्या उजेडावर तो उतारा नव्हे. ऑक्टोबरच्या उन्हाचा तडाखाही कळी लांबवतो, म्हणून पाणी हलकं आणि वेळच्या वेळी द्या.

झेंडूचं गणित निराळं. तो रात्रीपेक्षा वयावर जास्त चालतो, मोठ्या फुलाच्या जातींना लागवडीपासून साधारण दोन महिने धरा. दसऱ्याला झेंडू चुकला तर बहुधा लागवडच उशिरा झालेली असते.

शेवंतीचा दिवा आज झाकलात तरी फूल उमलायला आठ-दहा आठवडे जातात. त्यामुळे दसरा धरू नका, दिवाळीही अवघडच. राजा, झिप्री, जी जात असेल ती मार्गशीर्षातल्या गुरुवारांच्या बाजाराला सापडेल. त्या हिशेबानं तोडणीची माणसं आत्ताच सांगून ठेवा, दिवाळीनंतर ऊसतोड सुरू झाली की मिळत नाहीत.