सामुदायिक दवाखान्यात ॲक्युपंक्चर घेताना
एकाच खोलीत अनेक जण आरामखुर्च्यांवर असतात, म्हणून सुया बहुधा कोपर-गुडघ्याखाली, कानाला आणि डोक्याला टोचतात. बाह्या सहज वर सरकतील असे सैल कपडे घाला. तासभर आधी थोडं खाऊन जा. रिकाम्या पोटी चक्कर येऊ शकते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गर्भारपण, पेसमेकर याबद्दल आधीच सांगा.

सुया एकदाच वापरायच्या हव्यात आणि पाकीट तुमच्यासमोर फोडायला हवं, हा आग्रह धराच. टोचल्यावर जडपणा किंवा हलका ठणका जाणवणं ठीक. झोंबणारी कळ थांबली नाही तर मात्र सोसत बसू नका, लगेच सांगा. सुई किंचित मागे घेतली की बहुतेकदा ती कळ जाते. सुया साधारण 20 ते 45 मिनिटं राहतात. तोवर सुई टोचलेला हात-पाय हलवला तर सुई वाकू शकते. सुई काढल्यावर रक्ताचा थेंब आला तर कापसाने दाबून धरा, चोळू नका.